सराईची खोली, हमामाचं पाणी : बुऱ्हाणपुरातला एक मुक्काम

आपल्या आदिलाबादचं जुनं नाव एदलाबाद. याच नावाचं आणखी एक गाव जळगाव जिल्ह्यात होतं. संत मुक्ताबाईंच्या नावावरून त्याचं मुक्ताईनगर झालं, तरी जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. त्या एदलाबादेहून तापीच्या काठाने वर गेलं की तासाभरात बुऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. या लेखाचा विषय त्या शहरातला एक मुक्काम आहे, चारशे वर्षांपूर्वीचा.

विषय सुचला तो आजच्या जाहिरातींवरून. जुन्या शहराच्या ऐन मध्यात एखादी हवेली किंवा वाडा, त्यात मोजक्या दहा-बारा खोल्या, आणि खाली तळघरात 'स्पा', म्हणजे गरम पाण्याचं कुंड, वाफेची खोली, मालिश. बुटीक हॉटेल म्हणतात त्याला. कल्पना परदेशी वाटते. पण शहराच्या मध्यात उतरायची जागा आणि तिच्या दारासमोरच गरम पाण्याचं स्नानगृह, ही जोडी आपल्या भागात फार जुनी आहे. बुऱ्हाणपुरात ती दगड-विटांत उभी आहे: अकबरी सराई आणि तिच्यासमोरचा हमामखाना. या जोडीकडे नीट पाहिलं तर जुन्या इमारतींची हॉटेलं करताना काय सांभाळायला हवं, याचंही उत्तर सापडतं असं मला वाटतं.

बुऱ्हाणपूर आपल्याला परकं नाही

फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने चौदावं शतक संपता संपता हे शहर वसवलं आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. तापीच्या पलीकडच्या तीरावरचं जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचं. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, खानदेश मोगलांकडे गेला, आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या मोहिमांचं मुख्य ठाणं झालं. सुरतेहून आग्र्याला जाणारा माल इथून जायचा, आग्र्याहून दख्खनला येणारी फौज इथेच थांबायची.

आपल्या निजामी मुलुखाचा धागाही इथे जोडलेला आहे. आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क १ जून १७४८ रोजी बुऱ्हाणपुरातच वारला, आणि त्याला पुरलं ते खुलताबादला, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्याच दर्ग्याच्या आवारात. मराठ्यांचा संबंध त्याआधीचा. १६८१च्या जानेवारीत संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरचा बहादूरपुरा लुटला, आणि १७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर झालेल्या तहात बुऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून मराठ्यांकडे आले. म्हणजे हैदराबाद, पुणे आणि आग्रा या तिन्ही वाटा या एका शहरात एकमेकींना भेटतात. एवढी वर्दळ असलेल्या गावाला उतरायची सोय लागणारच.

इंग्रज वकिलाची तक्रार

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर थॉमस रो जहांगिराच्या भेटीला निघाला. सुरतेहून तो १४ नोव्हेंबर १६१५ रोजी बुऱ्हाणपुरात पोचला. शहजादा परवेज तेव्हा नावाचा सुभेदार होता, खरा कारभार अब्दुल रहीम खानखानाच्या हाती. कोतवाल वाजतगाजत, निशाणं घेऊन रोला सामोरा गेला आणि त्याला सराईत नेऊन उतरवलं.

पुढे काय झालं ते रोने रोजनिशीत लिहून ठेवलंय. सराईची दगडी दर्शनी बाजू त्याला आवडली. आत गेल्यावर मात्र त्याचा पारा चढला. भिंतीच्या कडेने विटांच्या चार खोल्या त्याला दिल्या होत्या. वरून गोलाकार, आत अंधाऱ्या, आकाराने पाव भाजायच्या भट्टीएवढ्या. राजाच्या वकिलाला ही जागा? त्याने कोतवालाला निरोप पाठवला की असा अपमान होणार असेल तर मी गावच सोडतो. कोतवालाने विनवणी केली की सकाळपर्यंत थांबा. शेवटी रोला आपल्या सोबतच्या तंबूंचाच आधार वाटला.

कोतवालाचा नाइलाज होता, कारण याहून चांगली जागा गावात नव्हतीच. रो स्वतःच लिहितो की परवेजचा वाडा, खानखानाचं घर आणि आणखी थोडी घरं सोडली, तर बाकी सगळं शहर मातीच्या झोपड्यांचं आहे. काही दिवसांनी दरबार झाला. रोने तिथल्या रिवाजाप्रमाणे झुकायला नकार दिला. मग त्याने शहजाद्याला नजर म्हणून उंची दारूच्या बाटल्यांची पेटी पाठवली. ती शहजाद्याला इतकी पसंत पडली की ठरलेली खाजगी भेट राहूनच गेली. रो तापाने आजारी पडला आणि महिना संपता संपता तसाच पुढे निघाला.

शहरात सांगतात की रो उतरला होता ती अकबरी सराईच. ती हीच असो की दुसरी, त्याने केलेलं वर्णन मोगल काळातल्या कुठल्याही शहरी सराईला लागू पडतं. मधे मोठं चौकोनी अंगण, चारी बाजूंनी एकाला एक लागून कमानदार खोल्या, आणि बंद करता येईल असा एक भक्कम दरवाजा.

खोली एवढी लहान का?

रोचा राग समजून घ्यायचा तर सराई कशी चालायची ते पाहायला हवं. सराईच्या खोलीत खाट नसे, अंथरूण नसे, भांडं नसे. प्रवासी ते सगळं आपल्याबरोबर आणायचा. खोलीचा उपयोग दोनच गोष्टींसाठी: रात्री माल आत ठेवायचा आणि दार लावून निजायचं. बाकी सगळं जगणं अंगणात. तिथे विहीर असे, झाडं असत, बैल-घोडे बांधायची जागा असे, चुली पेटत, सौदे होत, बातम्या फिरत.

सराई चालवणारी माणसं म्हणजे भटियारे. नवरा जागा दाखवायचा, जनावरांच्या दाणापाण्याची सोय लावायचा, बायको स्वयंपाक रांधून द्यायची. शेरशहाच्या सराईंबद्दल अब्बास सरवानीने लिहिलंय की हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी वेगवेगळी सोय असे, हिंदूंना पाणी देण्यासाठी ब्राह्मण नेमलेले असत. म्हणजे तिथे भेदभाव नव्हता असं काही नाही. भेद सांभाळूनच एका आवारात सगळ्यांना जागा करून दिलेली होती.

निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने रात्रीची व्यवस्था सांगितली आहे. सूर्यास्ताला दरवाजा बंद व्हायचा आणि रखवालदार ओरडून सांगायचा की आपापला माल सांभाळा, जनावरं बांधून ठेवा. पहाटे दरवाजा उघडण्याआधी तो तीनदा हाळी द्यायचा: आपलं सामान तपासून घ्या. कुणाचं काही गेलं असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. आजच्या हॉटेलात सामान तिजोरीत ठेवतात. सराईत सगळी सराईच तिजोरी होती.

फ्रेंच वैद्य बर्निये याला साध्या सराई मुळीच आवडल्या नाहीत. माणसं, घोडे, उंट सगळे एकत्र कोंबलेले कोठारच ते, असं त्याचं मत. पण दिल्लीत जहाँआराने बांधलेली बेगम सराई पाहिली तेव्हा त्याला वाटलं की अशा इमारती पॅरिसमध्ये हव्यात, म्हणजे नव्याने शहरात येणाऱ्या परक्या माणसाला पहिल्या दिवसापासून सुरक्षित जागा मिळेल. नावं ठेवणाऱ्याच माणसाने ही कबुली द्यावी, हे महत्त्वाचं.

थोडक्यात, सराईचा हिशोब असा होता: खोली लहान, अंगण मोठं. आजच्या बुटीक हॉटेलात उलट असतं. सगळा पैसा खोलीत जातो. रो चिडला त्याचं कारण हेच. सगळ्यांना मिळते तीच खोली त्यालाही मिळाली होती.

हमामखाना

आता सराईच्या समोर चला. शहराच्या ऐन मध्यभागी हमामखाना आहे. त्यावरच्या फारसी शिलालेखांत १०१६ हिजरी, म्हणजे इ.स. १६०७-०८ हे साल आणि मुहम्मद अली गुर्ग खुरासानी हे बांधणाऱ्याचं नाव आहे. काळ खानखानाच्या कारभाराचा. मधोमध अष्टकोनी हौद, गुळगुळीत दगडी फरशी, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती. रो गावात आला तेव्हा हा हमाम आठ वर्षांचा होता.

हमाम म्हणजे नुसतं न्हाणीघर नव्हे, बरं का. त्याची रचना ठरलेली असते. पहिली खोली थंड, कपडे उतरवायची आणि बसायची. दुसरी कोमट. तिसरी गरम. अंगाला एकदम झळ बसू नये, आणि बाहेर पडताना एकदम गारवा लागू नये, म्हणून हा क्रम. पाणी मागच्या भट्टीवर तापायचं, भिंती जाड असत म्हणजे ऊब टिकायची, उजेड वरच्या घुमटातल्या लहान झरोक्यांतून यायचा. मालिश, अंग चोळणं, हजामत हे सगळं तिथेच. आठवडाभर धुळीच्या वाटेने आलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको. आपल्याकडे पौषात पारा उतरतो, तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी आदिलाबादला पडते, तेव्हा बंबातलं कढत पाणी काय सुख देतं ते आपण जाणतोच.

बुऱ्हाणपुरात दुसराही एक हमाम आहे, तापीकाठच्या शाही किल्ल्यात. त्याच्या छतावर रंगीत नक्षी अजून दिसते. मुमताज महल तिथे स्नान करायची असं सांगतात, आणि पर्यटक तोच पाहायला जातात. १६३१च्या १७ जूनला, चौदाव्या बाळंतपणात, मुमताज याच शहरात वारली. जैनाबादेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. ही कहाणी इतकी मोठी झाली की बाजारातला साधा हमामखाना तिच्या सावलीत गेला. पण आपल्या विषयासाठी तोच मोलाचा. किल्ल्यातला हमाम एका कुटुंबाचा होता. बाजारातला हमाम वाटसरूचा होता.

पाणी आलं कुठून?

तापी शेजारी असताना पाण्याचा प्रश्न कशाला, असं वाटेल. पण नदी खाली वाहते आणि शहर उंच काठावर आहे. शिवाय लढाईच्या दिवसांत नदीचं पाणी कुणी नासवलं तर? म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी शहरात आणायची योजना झाली. ती आखली तबकुतुल अर्ज या फारसी जाणकाराने, १६१५ साली, म्हणजे रो आला त्याच वर्षी.

तिचं नाव कुंडी भंडारा. लोक 'खूनी भंडारा' म्हणतात, ते 'कुंडी'चंच बदललेलं रूप असं मानतात. इराणात याला कनात म्हणतात, आपल्याकडे बीदरला करेज. एका ओळीत विहिरींसारख्या कुंड्या खणायच्या आणि तळाशी त्या एका बोगद्याने जोडायच्या. बोगद्याला अगदी हलका उतार द्यायचा. पाणी कुठल्याही मोटेशिवाय, बैलाशिवाय आपल्या वजनानेच वाहत जातं. कुंड्यांतून उजेड आणि हवा आत जाते, आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. इथे अशा शंभराहून जास्त कुंड्या आहेत. एका ठिकाणी लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येतं. खाली भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले दिसतात, कारण पाणी खनिजाचं आहे. हे थर वेळोवेळी काढले नाहीत तर वाट बुजते. शहरात अशा एकूण आठ जलयोजना होत्या. बाजारातल्या हमामाचा हौद भूमिगत नळांना जोडलेला होता. २०२४ साली कुंडी भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलं.

याच सुमाराला मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी आणली. पुढे तिथेच बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणून पाणचक्की फिरवली, आणि त्या पिठाच्या भाकऱ्या फकिरांना आणि मुक्कामी आलेल्यांना मिळत. पंचक्की पाहायला आपण सगळे गेलोय, पण तिच्यामागे मुक्कामाची सोय होती हे सहसा ध्यानात येत नाही. बाबांचं नावच 'मुसाफिर' होतं!

सराई, हमाम आणि नहर या तीन इमारती नव्हत्याच, ती एकच व्यवस्था होती. पाणी थांबलं की हमाम बंद, आणि हमाम बंद झाला की सराईचं अर्धं सुख गेलं.

सोन्याचे दिवस म्हणू नयेत

जुन्या काळाचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो. १६३०-३२ या सालांत गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला तेव्हा वाटेवर आणि गावोगाव त्याला प्रेतं पडलेली दिसली. शहाजहानने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटायचा हुकूम दिला, असं बादशाहनाम्यात आहे. त्याच शहरात त्याच वर्षांत किल्ल्यातल्या हौदात पाणी खेळत होतं. हमामाला जळण लागतं, आणि ते डोक्यावरून वाहून आणणाऱ्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. कुंड्यांचे बोगदे खणणाऱ्यांचीही नाहीत.

तरीही एक गोष्ट उरते. सराई आणि बाजारातला हमाम हे सार्वजनिक काम मानलं जायचं. सुभेदार, शहजादी, व्यापारी किंवा सरदार ते पुण्य म्हणून आणि कारभाराची गरज म्हणून बांधायचे. अहिल्याबाईंच्या धर्मशाळा आणि घाट याच समजुतीतले.

आगगाडी आली

सराई मोडली ती रेल्वेने. भुसावळ-खंडवा लाईन झाली, स्टेशन शहराबाहेर लालबागला आलं, आणि बैलगाडीचा आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. उतारू शहराच्या मध्यात उतरेनासा झाला. सराईचं काम स्टेशनजवळच्या मुसाफिरखान्यांनी आणि लॉजांनी उचललं, साहेबांसाठी डाक बंगले झाले. हैदराबादेत नामपल्ली स्टेशनासमोर सातव्या निजामाच्या काळात सराय बांधली गेली, ती याच बदलाची खूण. पुढे तीही मोडकळीला आली.

मग हॉटेल करावं की नाही?

इथे मतभेद होतात. वारसाप्रेमी मंडळींत एक गट म्हणतो, जुन्या वास्तूत हॉटेल म्हणजे विक्री. दुसरा म्हणतो, निदान छप्पर तरी राहतं. मला वाटतं, आधी एक प्रश्न विचारावा: ही वास्तू मुळात कुणासाठी उघडी होती?

हैदराबादचा फलकनुमा घ्या. विकार-उल-उमरा यांनी तो स्वतःसाठी बांधला, पुढे सहाव्या निजामाकडे गेला, आणि २०१० साली तिथे ताजचं हॉटेल सुरू झालं. सामान्य माणूस तिथे आधीही जात नव्हता. हॉटेल झाल्याने कुणाचं दार बंद झालं नाही, उलट दुरुस्ती झाली. भोपाळची सदर मंजिल वेगळी. ती बेगमांचा दरबार होती, पण नंतर कैक वर्षं महापालिकेचं कार्यालय होती. कामासाठी कोणीही आत जायचं. तिथे आता हॉटेल आहे. इमारत सुंदर राखली गेली हे मान्य करायलाच हवं, आणि ती नुसती पडून राहिली असती तर ढासळली असती हेही खरं. पण तिथे जाणारी पायवाट मात्र बदलली.

उद्या एखाद्या सराईचं हॉटेल करायचं ठरलं तर माझ्या दोनच अटी असतील. एक, अंगण सगळ्यांसाठी उघडं राहावं. खोल्यांचं भाडं घ्या, पण चौकात बसायला, विहीर पाहायला, मुलांना इतिहास दाखवायला पास लागू नये. दोन, पाण्याची जुनी वाट आधी दुरुस्त करावी. टँकरने भरलेल्या कुंडाला हमाम म्हणणं ही त्या नावाची थट्टा आहे. हमाम चालवणं अशक्य आहे असंही नाही. भोपाळातच एक जुना हमाम हिवाळ्याच्या दिवसांत अजून चालतो, आणि तिथे जायला राजघराण्यातलं असावं लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात काय शोधावं

आदिलाबादेत अकबरी सराई नाही. पण मुक्काम आणि पाणी ही जोडी आपल्याकडेही आहे. किनवट तालुक्यात उनकेश्वर. गरम पाण्याचे झरे, शरभंग ऋषींची कथा, जुनं देऊळ, पुरुषांची आणि बायांची वेगळी कुंडं. त्वचेच्या विकारावर गुण येतो म्हणून माणसं तिथे मुक्कामाला राहतात. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड बांधव गोदावरीचं पाणी पायी आणतात आणि वडाच्या झाडांखाली तळ देतात. तिथे भिंत नाही, कमान नाही, पण अंगण आहे, चुली आहेत आणि पाणी आहे. सराईचा गाभा तोच.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आपापल्या गावातले जुने मुसाफिरखाने, धर्मशाळा, डाक बंगले, बारवा आणि जत्रेतली उतरायची झाडं यांची नोंद करायला घेऊ. इमारतीचं माप घ्याच, पण चार गोष्टी जास्त विचारा: पाणी कुठून यायचं, स्वयंपाक कोण करायचं, रात्री दार कोण लावायचं, आणि कोणाला आत घेत नसत. हे सांगणारी माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीची आहेत. नगरपालिकेचा नकाशा दहा वर्षांनीही मिळेल, ही उत्तरं मिळणार नाहीत.